६०० मायोसिन साखळ्यांमागे १२ टायटिन: घडणाऱ्या स्नायूतलं प्रथिनांचं गणित

आधी एका सार्कोमिअरचा हिशोब मांडू. सार्कोमिअर म्हणजे स्नायूतला आकुंचन पावणारा सर्वांत लहान भाग. लांबी साधारण २ ते २.५ मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये ४००-५०० सहज मावतात. त्याच्या दोन्ही टोकांना झेड-पट्टी असते. झेड-पट्टीत रोवलेले ॲक्टिनचे बारीक धागे आतल्या बाजूला येतात आणि मधोमध मायोसिनचे जाड धागे असतात. स्नायू आखडतो तेव्हा धागे आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात.

जाड धागा १.६ मायक्रोमीटर लांब असतो आणि त्यात मायोसिनचे सुमारे ३०० रेणू असतात. प्रत्येक रेणूत दोन जड साखळ्या आणि चार हलक्या साखळ्या, म्हणजे एका धाग्यात ६०० जड आणि १२०० हलक्या. एका जाड धाग्यामागे बारीक धागे चार येतात. बारीक धागा १ मायक्रोमीटरचा धरला तर त्यात ॲक्टिनचे ३६० च्या आसपास रेणू, चार धाग्यांत मिळून साडेचौदाशे. दर सात ॲक्टिनमागे एक ट्रोपोमायोसिन आणि एक ट्रोपोनिन (बारीक धाग्यावर बसून आकुंचनाला लगाम घालणारी प्रथिनं), म्हणजे हे प्रत्येकी २०० च्या घरात. आणि टायटिन, म्हणजे झेड-पट्टीपासून सार्कोमिअरच्या मध्यापर्यंत पसरलेलं अवाढव्य प्रथिन, फक्त १२, जाड धाग्याच्या प्रत्येक अर्ध्याला सहा.

हा झाला एका जाड धाग्याचा वाटा. एका मायोफायब्रिलची जाडी १ मायक्रोमीटर धरली, तर तिच्या छेदात असे ढोबळमानाने ५०० जाड धागे दिसतात. मायोफायब्रिलमध्ये सार्कोमिअर एकापुढे एक हजारोंनी जोडलेले असतात आणि एका स्नायुतंतूत अशा शेकडो मायोफायब्रिल शेजारी-शेजारी असतात.

आता गंमत अशी, की या प्रथिनांची जनुकं एका जागी नाहीत. माणसात ॲक्टिनचं जनुक पहिल्या गुणसूत्रावर, टायटिन आणि बारीक धाग्यालगतचं नेब्युलिन दुसऱ्यावर, कंकाल (हाडांना जोडलेल्या) स्नायूंच्या बहुतेक मायोसिन जड साखळ्या सतराव्यावर, पेशीपटलाच्या आतल्या बाजूचं डिस्ट्रोफिन एक्स गुणसूत्रावर. पाठ्यपुस्तकात या विषयाला साधारणपणे जनुकांची यादी मिळते: आधी हे सुरू होतं, मग ते. यादी बरोबर असते, पण खरा पेच तिच्यात दिसत नाही. कुठलंही प्रथिन नुसतं बनवणं पेशीला फारसं अवघड नाही. ते ठरावीक प्रमाणात, ठरावीक क्रमाने आणि ठरावीक जागी बनवणं, आणि जे बसलं नाही ते मोडून टाकणं, यात सगळी मेहनत आहे.

स्नायू व्हायचं ठरतं कसं

माणसाच्या गर्भात साधारण विसाव्या दिवसापासून पाठीच्या मज्जानलिकेच्या दोन्ही बाजूंना ऊतींचे ठोकळे जोडीजोडीने तयार होऊ लागतात. त्यांना सोमाइट म्हणतात. पाचव्या आठवड्याच्या अखेरीस ४२ ते ४४ जोड्या होतात. धड, हात आणि पाय यांचे कंकाल स्नायू यांच्यातून येतात. सोमाइटमधल्या ज्या पेशींत पॅक्स-३ आणि पॅक्स-७ ही नियंत्रक प्रथिनं असतात, त्या स्नायूंच्या पूर्वज पेशी. त्या विभागत राहतात, काही हातापायांच्या अंकुरांकडे सरकत जातात, पण अजून त्यांच्यात मायोसिनचा मागमूस नसतो.

पुढचा निर्णय घेणाऱ्या प्रथिनांचा गट चौघांचा: मायएफ-५, मायो-डी, मायोजेनिन आणि एमआरएफ-४. यातला मायो-डी १९८७ साली रॉबर्ट डेव्हिस, हॅरॉल्ड वाइनट्रॉब आणि अँड्र्यू लासर यांनी शोधला. त्यांनी उंदराच्या फायब्रोब्लास्ट पेशींत, म्हणजे स्नायूंशी संबंध नसलेल्या पेशींत, हे एकच जनुक चालू केलं आणि त्या पेशी स्नायूपेशी बनू लागल्या. एका जनुकाने पेशीची जात बदलते हे तोवर कुणी असं थेट दाखवलेलं नव्हतं.

मायो-डी डीएनएवरच्या सहा अक्षरी खुणेला चिकटतो. खुणेची सुरुवात सी-ए, शेवट टी-जी, मधली दोन अक्षरं बदलू शकतात. अशी खूण जीनोममध्ये लाखो ठिकाणी सापडते, म्हणून एकट्या मायो-डीने भागत नाही. त्याला ई-प्रथिन नावाचा जोडीदार लागतो आणि शेजारी एमईएफ-२ सारखे मदतनीस लागतात. पेशी विभागत असते तेव्हा आयडी नावाचं प्रथिन हा जोडीदार अडवून धरतं. भोवतालची वाढ-द्रव्यं कमी झाली की आयडी घटतं, जोडीदार मोकळा होतो, विभाजन रोखणारं पी-२१ हे प्रथिन वाढतं आणि पेशी विभाजनाच्या चक्रातून कायमची बाहेर पडते. विभागणाऱ्या पेशीला आपला सांगाडा मोडून पुन्हा बांधावा लागतो. सार्कोमिअरने भरलेल्या पेशीला ते परवडणारं नाही, म्हणून कंकाल स्नायूत आधी विभाजन थांबतं आणि मग बांधकाम सुरू होतं.

चौघांची कामं वेगळी आहेत हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत स्पष्ट दिसलं. मायएफ-५ आणि मायो-डी दोन्ही काढले की मायोब्लास्ट, म्हणजे स्नायू व्हायला तयार पेशी, बनतच नाहीत. एकटा मायोजेनिन काढला तर मायोब्लास्ट असतात, पण स्नायुतंतू जेमतेम तयार होतात आणि पिल्लू जन्मतःच मरतं. पहिले दोघे जात ठरवतात, मायोजेनिन कामाला लावतो.

मग पेशी एकमेकींत मिसळतात. मायोमेकर नावाचं पटलावरचं प्रथिन २०१३ साली सापडलं. त्याचा साथीदार २०१७ साली तीन गटांनी जवळपास एकाच वेळी शोधला आणि त्याला तीन नावं पडली: मायोमिक्सर, मायोमर्जर आणि मिनियन. मायोमेकर दोन्ही पेशींत लागतो, साथीदार एका बाजूला असला तरी चालतं. शेकडो पेशी मिसळून एक लांब नळी होते, तिला मायोट्यूब म्हणतात. तिच्यातली सगळी केंद्रकं एकाच पेशीद्रव्यात असतात आणि प्रत्येक केंद्रक साधारण आपापल्या आसपासच्या भागाला आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी जनुकाची उतरवलेली नक्कल, पुरवतं.

वेळ कुठे जातो

जनुक चालू झालं की प्रथिन लगेच हाती येत नाही. आरएनए बनवणारं एन्झाइम मिनिटाला दोन ते अडीच हजार अक्षरं वाचतं. मायोसिन जड साखळीचं जनुक २५-३० हजार अक्षरांचं, दहा-बारा मिनिटांत संपतं. टायटिनचं २,८०,००० च्या पुढे, त्याला दोन तास लागतात. डिस्ट्रोफिनचं २२ लाख अक्षरांचं, माणसाच्या सर्वांत लांब जनुकांपैकी एक. ते एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत उतरवून घ्यायला सुमारे १६ तास लागतात, हे १९९५ साली स्नायूपेशींत मोजलं गेलं. एवढं करून हाती येणारा पक्का आरएनए १४ हजार अक्षरांचा. बाकीचा ९९ टक्क्यांहून जास्त भाग कापून टाकला जातो.

पुढचा टप्पा रायबोसोमचा. रायबोसोम सेकंदाला पाच-सहा अमिनो आम्लं जोडतो. ॲक्टिन ३७५ अमिनो आम्लांचं, मिनिट-सव्वा मिनिटात तयार. मायोसिनची जड साखळी १,९४० च्या आसपास, सहा मिनिटं. टायटिन ३५ हजारांपर्यंत, म्हणजे दीड ते दोन तास, आणि तेही एका रायबोसोमने एका आरएनएवर न थांबता काम केलं तर. अर्थात एका आरएनएवर अनेक रायबोसोम रांगेने चालतात. १९६७ साली स्टुअर्ट हेवूड, रॉबर्ट डाउबेन आणि अलेक्झांडर रिच यांनी कोंबडीच्या गर्भाच्या स्नायूतून मायोसिन बनवणारे रायबोसोमचे पुंजके वेगळे केले, तेव्हा एकेका पुंजक्यात ५० ते ६० रायबोसोम निघाले. म्हणजे प्रत्येक आरएनएवरून दर सहा-सात सेकंदांना एक जड साखळी सुटत होती.

इथे एक गोष्ट सांगून टाकू, कारण प्रोटीन पावडरच्या जाहिराती उलट समज करून देतात. अंड्यातलं किंवा डाळीतलं प्रथिन जसंच्या तसं स्नायूत जाऊन बसत नाही. पचनात ते अमिनो आम्लांपर्यंत आणि दोन-तीनच्या तुकड्यांपर्यंत तुटतं. रक्तातून पेशीला जातो तो कच्चा माल, आणि ल्युसिनसारख्या काही अमिनो आम्लांमुळे एमटॉर नावाच्या यंत्रणेमार्फत रायबोसोमच्या कामाला वेग येतो. कुठलं प्रथिन किती बनवायचं हे मात्र पेशीच्या आतूनच ठरतं.

घडी पडणं: ॲक्टिन आणि मायोसिन दोघंही परावलंबी

साखळी जोडून झाली म्हणजे प्रथिन झालं असं नाही, तिची नेमकी घडी पडावी लागते. बरीच प्रथिनं आपली आपण घडी घालतात. स्नायूची दोन मुख्य प्रथिनं त्यांतली नाहीत.

ॲक्टिनला सीसीटी नावाचा पिंपाच्या आकाराचा संच लागतो. आठ-आठ उपघटकांची दोन कडी एकावर एक, आणि आत पोकळी. त्या पोकळीत गेल्याशिवाय ॲक्टिनची घडी पुरी होत नाही. म्हणूनच जिवाणूंत ॲक्टिन बनवायला गेलं की हाती निरुपयोगी गोळा येतो, कारण जिवाणूंकडे हा संच नाही.

मायोसिनचं डोकं, म्हणजे ॲक्टिनला धरून ओढणारा भाग, याहून हट्टी. त्याला एचएसपी-९० आणि यूएनसी-४५ ही दोन सहायक प्रथिनं लागतात. यूएनसी-४५ पहिल्यांदा दिसलं ते एका मिलिमीटरच्या सूत्रकृमीत, १९७४ साली. त्याच्या एका बदललेल्या जातीत कृमी १५ अंश सेल्सिअसला वाढवले तर हालचाल बऱ्यापैकी, २५ अंशांना वाढवले तर जाड धागे विस्कटलेले आणि कृमी जवळजवळ लुळे. मायोसिनचं जनुक अगदी ठीक, घडी घालणारा मदतनीस मात्र उष्णतेने कामातून गेलेला. प्रयोगशाळेत आजही माणसाच्या स्नायूंचं मायोसिन डोकं हवं असेल तर ते बहुधा उंदराच्या स्नायूपेशींतच बनवून घेतात. दुसऱ्या पेशींत त्याची घडी नीट पडत नाही.

यूएनसी-४५ गरजेपेक्षा जास्त झालं तरी बिघडतं. कृमींत ते वाढवलं तर मायोसिन घटतं आणि धागे कमी होतात. मदतनीसही प्रमाणातच लागतो.

जुळणी

आता सगळ्यांत गुंतागुंतीचा भाग. घडी पडलेलं ॲक्टिन आणि मायोसिन पेशीत सोडून दिलं तर धागे बनतील, पण सार्कोमिअर बनणार नाही. परीक्षानळीत शुद्ध मायोसिन क्षारांचं प्रमाण उतरवलं की आपोआप धागे करतं, पण त्यांची लांबी एकसारखी नसते. जिवंत स्नायूत मात्र प्रत्येक जाड धागा १.६ मायक्रोमीटरचा. ही लांबी कुठून येते?

जोसेफ आणि जीन सँगर यांनी मांडलेला तीन टप्प्यांचा आराखडा आजही बहुतेक जण पायाभूत धरतात. पहिल्या टप्प्यात पेशीच्या कडेला, पटलाजवळ, बारीक तंतू दिसतात. त्यांच्यावर आल्फा-ॲक्टिनिनचे (ॲक्टिनचे धागे एकत्र बांधणाऱ्या प्रथिनाचे) छोटे ठिपके असतात, हेच पुढच्या झेड-पट्ट्यांचे मूळ. मधलं मायोसिन मात्र अजून स्नायूचं नसतं. प्रत्येक साध्या पेशीत असतं ते असतं. याला पूर्व-मायोफायब्रिल म्हणतात. दुसऱ्या टप्प्यात टायटिन आणि स्नायूचं मायोसिन येतं, पण मायोसिनचे धागे अजून एका रेषेत नसतात आणि साधं मायोसिनही शिल्लक असतं. तिसऱ्या टप्प्यात आल्फा-ॲक्टिनिनचे ठिपके जुळून सरळ पट्ट्या होतात, साधं मायोसिन हटवलं जातं, मधोमध मायोमेसिन येऊन एम-रेषा बांधतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखीचे आडवे पट्टे दिसू लागतात.

दुसऱ्याकडून तिसऱ्या टप्प्याकडे जाताना प्रोटिआसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं तोडणारं यंत्र, औषधाने बंद केलं तर जुळणी दुसऱ्यावरच अडते. बांधकामाला तोडणं लागतं, हे या क्षेत्रात उशिरा गांभीर्याने घेतलं गेलं. साधं मायोसिन निघाल्याशिवाय स्नायूच्या मायोसिनची ओळ सरळ होत नाही.

टायटिनकडे वळू. हा एकच रेणू झेड-पट्टीपासून एम-रेषेपर्यंत, म्हणजे अर्ध्या सार्कोमिअरभर पसरलेला असतो, १ मायक्रोमीटरहून लांब. वजन ३० ते ३७ लाख डाल्टन (डाल्टन हे रेणूचं वजन सांगायचं एकक). त्याचं एक टोक झेड-पट्टीत आल्फा-ॲक्टिनिनला आणि टेलेथोनिनला बांधलेलं, दुसरं एम-रेषेत मायोमेसिनला. मधल्या भागात अकरा घटकांचा एक गट अकरा वेळा येतो आणि प्रत्येक गटाची लांबी ४३ नॅनोमीटर. जाड धाग्यावर मायोसिनची मांडणीही ४३ नॅनोमीटरच्या टप्प्यानेच पुन्हा येते. गवंडी भिंतीला सूत लावतो तसं टायटिन जाड धाग्याला लांबी आणि ओळ देतं. हा बराच काळ नुसता तर्क होता. २०१७ साली उंदरांत या गटांपैकी दोन जनुकातून काढून पाहिले, तर जाड धागे खरोखरच आखूड भरले.

बारीक धाग्याशी हेच नातं नेब्युलिनचं आहे. ६ ते ९ लाख डाल्टनचा हा रेणू धाग्याच्या अंगाने धावतो आणि त्याच्या गटांचा टप्पा ट्रोपोमायोसिन-ट्रोपोनिनच्या टप्प्याशी जुळतो. झेड-पट्टीकडचं टोक कॅप-झेड नावाचं प्रथिन बंद करतं, आतलं टोक ट्रोपोमोड्युलिन. नेब्युलिन नसेल तर बारीक धागे आखूड आणि एकसारखे नसलेले होतात, आणि जोर घटतो. मात्र नेब्युलिन एकट्याने लांबी ठरवतं असं म्हणणं धाडसाचं. नेब्युलिन जिथे संपतं त्याच्या पुढेही काही धागे वाढलेले दिसतात.

ताणही लागतो. पूर्व-मायोफायब्रिलची टोकं पेशीच्या टोकांना, इंटिग्रिन या पटलातल्या प्रथिनामार्फत, घट्ट बांधलेली असावी लागतात. फळमाशीच्या उडण्याच्या स्नायूत हे बांधलेलं टोक लेझरने सोडवलं की ताण जातो आणि मायोफायब्रिलची मांडणी बिघडते.

प्रथिन कुठे बनतं हेही महत्त्वाचं. मोठ्या स्नायुतंतूत आरएनए एका जागेहून दुसरीकडे नुसता तरंगत पोचणं अवघड, कारण आतली बहुतेक जागा धाग्यांनी भरलेली. आरएनए आणि रायबोसोम सूक्ष्मनलिकांवरून, कायनेसिन या वाहक प्रथिनाने ओढत नेले जातात. तो वाहक बंद केला तर आरएनए केंद्रकाभोवती गोळा होतात. हृदयस्नायूत सार्कोमिअरची प्रथिनं झेड-पट्टीच्या आसपासच बनताना दिसली आहेत, आणि जिथे आरएनए तिथेच प्रोटिआसोमही, म्हणजे जास्तीचं तिथल्या तिथे मोडायची सोय. सुरुवातीचं ६०० ला १२ हे प्रमाण पेशी जनुकांपाशी अंदाजे राखते आणि सार्कोमिअरपाशी नेमकं करते.

जन्माआधीचं मायोसिन वेगळं

गर्भातल्या स्नायूत मायोसिनची जड साखळी एमवायएच-३ या जनुकाची असते, जन्माच्या सुमारास एमवायएच-८ ची वाढते, मग प्रौढ प्रकार येतात: मंद तंतूंत एमवायएच-७, जलद तंतूंत एमवायएच-२ आणि एमवायएच-१. ॲक्टिनचंही तसंच. गर्भाच्या कंकाल स्नायूत आधी हृदयाचं ॲक्टिन जास्त असतं, मग कंकाल स्नायूचं ॲक्टिन त्याची जागा घेतं.

हा बदल नुसता कुतूहलाचा नाही. एमवायएच-३ मध्ये बिघाड असेल तर बाळ जन्मतःच वाकलेली बोटं, आखडलेले पाय आणि लहान तोंड घेऊन येतं (फ्रीमन-शेल्डन लक्षणसमूह), कारण गर्भातच सांधे नीट हलले नाहीत. उलट कंकाल ॲक्टिन अजिबात न बनणाऱ्या काही रुग्णांत हृदयाचं ॲक्टिन जन्मानंतरही टिकून राहिलेलं आढळलं, आणि त्याने त्यांना तारलं. प्रौढ स्नायूच्या बायोप्सीत एमवायएच-३ दिसलं तर पॅथॉलॉजिस्ट ओळखतात, की इथे नुकतंच नवं बांधकाम झालंय. इजेनंतर उपग्रह पेशी, म्हणजे स्नायुतंतूंना लागून असलेल्या राखीव पेशी, जाग्या होऊन गर्भातलाच क्रम पुन्हा चालवतात. या पेशी अलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ साली दाखवल्या.

डिशमध्ये बघायचं तर

हे सगळं पाहायची नेहमीची वाट म्हणजे सी-२-सी-१२ ही उंदराची पेशीजात. तिची मूळ जात डेव्हिड याफे आणि ओरा सॅक्सेल यांनी १९७७ साली मिळवली. वाढीच्या माध्यमात १० ते २० टक्के गर्भवासराचं सिरम. पेशी डिशमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास भरल्या की माध्यम बदलून २ टक्के घोड्याचं सिरम. वाढ-द्रव्यं घटतात आणि वर सांगितलेली आयडीची पकड सुटते. पहिल्या दिवशी मायोजेनिन, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मिसळणं, चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत मायोसिन भरपूर. पट्टे मात्र उशिरा येतात आणि प्लास्टिकवर नेहमीच येतील असं नाही.

सर्वाधिक चूक होते ती आधीच्या वाढवणीत. पेशी ७० टक्क्यांपुढे भरू दिल्या की त्यातल्या मिसळायला उत्सुक पेशी वाढीच्या माध्यमातही मिसळून बाहेर पडतात, आणि पुढच्या पिढीत उरतात त्या न मिसळणाऱ्या. चार-पाच पिढ्यांत जात बदलल्यासारखी वाटते. इलाज एकच: कमी पिढीच्या पेशी गोठवून ठेवायच्या आणि डिश कधी भरू द्यायची नाही. दुसरी अडचण कडकपणाची. प्लास्टिक स्नायूपेक्षा लाखाहून जास्त पटींनी कडक. २००४ साली जेलवर दाखवलं गेलं, की स्नायूइतक्याच कडकपणावर, म्हणजे १० किलोपास्कलच्या आसपास, पट्टे सर्वांत चांगले पडतात. त्याहून मऊ किंवा कडक दोन्हीकडे कमी. आणि आठवड्यानंतर नळ्या आखडू लागल्या की प्लास्टिकवरून सोलून निघतात, हे अपयश नसून यशाचंच लक्षण असतं, फक्त नमुना हातचा जातो.

मोजताना एक सापळा हमखास. प्रथिनं जेलवर वेगळी करताना सर्व ॲक्टिनांना चिकटणारं प्रतिपिंड तुलनेचं स्थिर प्रथिन म्हणून वापरायची सवय असते. इथे ते चालत नाही. पेशी स्नायू होत असताना बीटा-ॲक्टिन घटतं आणि स्नायूचं ॲक्टिन वाढतं, म्हणजे ज्याला स्थिर धरलं तेच बदलतंय. एकूण प्रथिनांचा रंग घेऊन तुलना करणं बरं. टायटिन तर नेहमीच्या १० टक्के जेलमध्ये शिरतच नाही. त्याला ॲगरोज जेल लागतं. मायोसिनला ६ ते ८ टक्के जेल आणि पटलावर उतरवायला जास्त वेळ. नाही तर "मायोसिन दिसत नाही" असा निष्कर्ष निघतो, आणि ते जेलमध्येच अडकलेलं असतं.

बिघाड

नेमलाइन मायोपॅथीत बारीक धाग्याच्या जनुकांपैकी एखादं बिघडलेलं असतं, बऱ्याचदा नेब्युलिन किंवा ॲक्टिन, आणि तंतूंत आल्फा-ॲक्टिनिन व ॲक्टिनच्या कांड्या साचलेल्या दिसतात. टायटिन अर्धवट तुटेल असे बदल वंशगत फुगलेल्या हृदयाच्या चारपैकी एका कुटुंबात असतात, असं २०१२ साली दिसलं. पण तसे काही बदल निरोगी माणसांतही सापडतात, म्हणून चाचणीच्या अहवालात नुसतं टायटिनचं नाव आलं म्हणजे निदान झालं असं नाही. बदल कुठल्या भागात आहे आणि तो भाग हृदयात वापरला जातो का, हे बघावं लागतं.

डिस्ट्रोफिनचं जरा सविस्तर. ते सार्कोमिअरमध्ये नसतं, पटलाच्या आतल्या बाजूला असतं आणि ॲक्टिनला पटलाशी बांधतं. त्यामुळे ड्युशेन आजारात, म्हणजे डिस्ट्रोफिन बनत नाही तेव्हा, बाळाचे स्नायू नीट घडलेले असतात. पुढे प्रत्येक आकुंचनाने पटल फाटत जातं आणि रक्तात क्रिएटिन कायनेज हे स्नायूतून गळणारं एन्झाइम वाढतं. साधारण ५,००० मुलग्यांत एकाला हा आजार होतो.

बिघाड किती मोठा यापेक्षा तो तीनने भागतो का, हे इथे जास्त महत्त्वाचं. रायबोसोम तीन-तीन अक्षरं वाचतो. जनुकाच्या ७९ तुकड्यांपैकी ५० वा तुकडा १०९ अक्षरांचा आहे. तो गळाला तर १०९ ला तीनने भाग जात नाही, पुढचं सगळं वाचन घसरतं आणि प्रथिन बनत नाही. पण ५१ वा तुकडा २३३ अक्षरांचा. तोही गाळला तर १०९ अधिक २३३ म्हणजे ३४२, बरोबर ११४ तिऱ्या. वाचन पुन्हा रुळावर येतं आणि मधून थोडं आखूड प्रथिन मिळतं. २०१६ साली अमेरिकेत मंजूर झालेलं इटेप्लिर्सेन हेच करतं, आरएनए कापताना ५१ वा तुकडा वगळायला लावतं. ज्यांचा बिघाड या गणितात बसतो त्यांनाच ते लागू, आणि मिळणारं डिस्ट्रोफिन फारच थोडं, म्हणून त्याच्या फायद्याबद्दल मंजुरीच्या वेळीच वाद झाला.

किती आखूड चालतं? १९९० साली नोंदवलेल्या एका रुग्णात डिस्ट्रोफिनचा ४६ टक्के भाग गळालेला होता आणि तो ६१ व्या वर्षी चालत होता. या नोंदीवरून सूक्ष्म-डिस्ट्रोफिनची कल्पना पुढे आली. जनुक वाहून नेणाऱ्या एएव्ही विषाणूत जेमतेम ४,७०० अक्षरं मावतात आणि डिस्ट्रोफिनचा संकेत ११,००० चा. म्हणून मधल्या, एकमेकांसारख्या २४ घटकांपैकी चार-पाच ठेवून बाकीचे काढतात. असं एक औषध २०२३ साली अमेरिकेत आधी ४ ते ५ वर्षांच्या मुलांसाठी मंजूर झालं. मात्रा फार मोठी द्यावी लागते, कारण शरीरात स्नायूच सर्वांत जास्त, आणि विषाणूचा बराच भाग यकृतात जातो. २०२५ मध्ये चालू न शकणाऱ्या दोन किशोरवयीन रुग्णांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला आणि त्या गटासाठी हे औषध थांबवलं गेलं.